आई-बाबांना डॉर्सेटचा किनारा दाखवताना

तुम्ही इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमधल्या पूल या गावी राहता. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबा दोन आठवड्यांसाठी येणार आहेत, त्यांच्याबरोबर ताई, भावोजी आणि त्यांची ९ आणि ६ वर्षांची दोन मुलं. बाबा ७४ वर्षांचे, उजवा गुडघा बदललेला. तुमची गाडी पाच जणांची. सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल अशी कुठली ठिकाणं दाखवावीत, असं तुम्ही विचारलंय, आणि सोबत तुमची यादीही दिली आहे: एका दिवसात डर्डल डोअर, ललवर्थ, वेमथ आणि पोर्टलंड, दुसऱ्या दिवशी स्टोनहेंज, सॉल्झबरी आणि बाथ.

ही यादी आधी बाजूला ठेवा, असं मी अगदी मनापासून सांगते. मी वीस वर्षं तुमच्या जवळच्याच विम्बर्नला राहते. आई-बाबा, सासू-सासरे, दोन्हीकडची भावंडं, मावशी, आत्या आणि आमच्या मंडळातल्या मैत्रिणींचे आईवडील, अशा किती जणांना या किनाऱ्यावर फिरवलं याची मोजदाद नाही. पहिल्या उन्हाळ्यात मीही अशीच यादी केली होती. चौथ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "आज तुम्ही जाऊन या, मी घरी थांबते." पाय दुखत होते, पण त्या बोलल्या नव्हत्या. आपली माणसं मुलांच्या घरी आल्यावर तक्रार करत नाहीत. ती गप्प होतात आणि मग घरी थांबतात. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: एका दिवशी एकच ठिकाण, आणि ते ठिकाण घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाला जमेल असं. तुमच्याकडे ते बाबा. मुलांना पळायला जागा मिळाली की पुरे.

या हिशेबात डर्डल डोअर पहिल्यांदा गळतं. फोटोतली ती दगडी कमान पाहून सगळे तिथंच जायचं म्हणतात. पण वाहनतळ वर टेकडीवर आहे, तिथून खडी घसरती उतरण, शेवटी पायऱ्या, आणि परत येताना हे सगळं चढून. बदललेल्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जास्त त्रासाचं. त्याऐवजी बाबांना ललवर्थ कोव्हला न्या. तिथं वाहनतळापासून गावातून खाली जाणारा डांबरी रस्ता आहे, दोन्ही बाजूंना खाण्याची दुकानं, मध्ये टेकायला जागा, आणि रस्ता संपतो तो थेट शिंपल्यासारख्या गोल खाडीवर. पुढे चुनखडीची कठीण भिंत, तिला समुद्रानं एका जागी खिंडार पाडलं आणि आतली मऊ माती खरवडून काढली, म्हणून हा गोल आकार. ताई-भावोजींना मुलांना घेऊन टेकडीवरून डर्डल डोअरला चालत जाऊ दे; अंतर मैलभरच आहे, पण चढ दमवणारा. तासा-दीड तासानं ते परत येतील, तोवर तुम्ही आई-बाबांबरोबर खाडीकाठी बसा. एक लक्षात ठेवा: ललवर्थ ही खासगी इस्टेट आहे, नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेचं सभासदत्व तिथल्या वाहनतळावर चालत नाही. आणि मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून पार्किंगचं ॲप घरूनच उतरवून, कार्ड जोडून ठेवा.

जूनचा तुम्हाला मोठा फायदा आहे, तो म्हणजे उजेड. सूर्य मावळतो सव्वानऊ-साडेनऊला. तेव्हा सकाळी आठला सगळ्यांना अंघोळी करायला लावून हाकलत न्यायची काही गरज नाही. भारतातून आलेली माणसं पहिले चार-पाच दिवस पहाटे तीनला जागी असतात आणि संध्याकाळी सातला पेंगतात, तेवढे दिवस सकाळी जवळपास फिरा. पुढच्या आठवड्यात मात्र घरी जेवून, बाबांची वामकुक्षी झाल्यावर दोन-तीनला निघा. तोवर सकाळची गर्दी परतायला लागलेली असते, गाडी लावायला जागा मिळते आणि सात-आठ वाजता समुद्रावरचं ऊन सगळ्यात सुंदर असतं. शनिवार-रविवार टाळा. ऊन पडलेल्या रविवारी वेअरहॅमहून स्वॉनेजकडे जाणारा रस्ता गच्च होतो, सँडबँक्सच्या साखळीवर चालणाऱ्या फेरीबोटीलाही लांब रांग लागते. इथल्या शाळांची मोठी सुट्टी जुलैच्या शेवटी सुरू होते, त्याआधीच तुम्ही फिरताय, हे चांगलंच आहे.

सुरुवात स्वॉनेजपासून करा. गाडी नॉर्डनला लावायची आणि तिथून वाफेच्या इंजिनाची गाडी पकडायची. हा फाटा १९७२ मध्ये बंद करून रूळही उखडले होते. हौशी लोकांनी वर्षानुवर्षं सुट्टीच्या दिवशी राबून तो परत बांधला आणि १९९५ मध्ये गाडी पुन्हा कॉर्फ कॅसल आणि नॉर्डनपर्यंत धावू लागली. माझे सासरे परळच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. स्वॉनेजच्या फलाटावर ते इंजिनाजवळ उभे राहिले ते हलेचनात. इंजिन चालवणारे गृहस्थही सत्तरीचेच. सासऱ्यांचं इंग्रजी मोजकं, पण पिस्टन, व्हॉल्व्ह, बॉयलर हे शब्द दोघांना सारखेच ठाऊक. त्या दिवशी आम्ही समुद्र पाहिलाच नाही म्हटलं तरी चालेल, आणि त्यांनी गावी परतल्यावर सगळ्यांना सांगितलं ते त्या फलाटाबद्दलच. वाटेत डब्याच्या खिडकीतून कॉर्फचा पडका किल्ला दिसतो. १६४६ मध्ये, इंग्लंडच्या यादवी युद्धात, राजाविरुद्ध लढणाऱ्या पार्लमेंटच्या सैन्यानं तो घेतला आणि सुरुंग लावून फोडला, म्हणून बुरुज असे वाकडेतिकडे कललेले. आत चढ आणि खडबडीत पायवाट आहे. बाबांनी खालून, गावच्या चौकातून पाहिला तरी तो पुरा दिसतो. स्वॉनेजचा किनारा वाळूचा, उथळ, आणि समोर बाकांची रांग.

वेमथला गाडी नकोच. पूलहून थेट रेल्वे आहे, पाऊण तासाच्या आत पोचवते, आणि स्टेशनपासून समुद्र सपाट रस्त्यानं पाच मिनिटांवर. सात माणसं आणि पाच जणांची गाडी हा तुमचा प्रश्नही इथं सुटतो. रेल्वेचं सीनियर रेलकार्ड साठीच्या पुढच्या कुणालाही घेता येतं, त्यासाठी इथला रहिवासी असावं लागत नाही, वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट चालतो; तिकिटाचा एक तृतीयांश वाचतो. ताईसाठी फॅमिली अँड फ्रेंड्स कार्ड काढा, त्यात मुलांचं तिकीट ६० टक्के कमी होतं. बसचा मोफत पास मात्र इथल्या रहिवाशांनाच. तरी एकदा बोर्नमथहून स्वॉनेजला जाणाऱ्या ५० नंबरच्या बसनं न्याच. उन्हाळ्यात तिला वरचा उघडा मजला असतो, आणि ही आख्खी बस सँडबँक्सला फेरीबोटीवर चढते. मुलांना हे कुठल्याही करमणुकीच्या पार्कपेक्षा आवडतं. आणि तुमच्या गाडीतून जाताना मुलांसाठी उंचीची खुर्ची हवीच: वय १२ किंवा उंची १३५ सेंटिमीटर होईपर्यंत तो इथला कायदा आहे. "घराजवळच तर जायचंय" म्हणून मांडीवर घेण्याची सवय इथं चालत नाही.

आता चारमाउथ. माझं ऐकाल तर दोन आठवड्यांतला एक आख्खा दिवस यासाठी राखा. पूलहून सव्वा ते दीड तास. एक्समथजवळून स्टडलंडच्या ओल्ड हॅरी खडकांपर्यंतचा ९५ मैलांचा हा किनारा २००१ पासून जागतिक वारसा आहे, कारण कड्यांमध्ये साडेअठरा कोटी वर्षांचा इतिहास थरांथरांनी उघडा पडलाय. आपल्याकडच्या मुलांना हे समजावताना मी सह्याद्रीपासून सुरू करते. आपला काळा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. हे सगळे खडक त्याच्याही आधीचे, आणि ते लाव्ह्याचे नाहीत, बहुतेक समुद्राच्या तळाशी साठलेल्या गाळाचे. म्हणून यात जीव अडकून दगड झाले.

माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा माझा भाचा आठ वर्षांचा होता. दोन तास तो चारमाउथच्या गोट्यांमध्ये वाकून बसला आणि शेवटी नाण्याएवढा, सोनेरी झाक असलेला एक गुंडाळलेला शंख घेऊन आजीकडे धावत आला. आईनं तो तळहातावर घेतला, फिरवून पाहिला, आणि चप्पल काढली. म्हणाली, "अरे, हा तर शाळिग्राम." आम्ही क्षणभर गप्प झालो, कारण ते बरोबरच होतं. गंडकीच्या पात्रातले शाळिग्राम हेही अॅमोनाइटच, म्हणजे गुंडाळलेल्या कवचाच्या, आता नामशेष झालेल्या समुद्री प्राण्याचे दगड झालेले अवशेष. हिमालय उभा राहण्याआधी तिथं जो समुद्र होता त्यातले. दोन समुद्रांतला तोच प्राणी एकीकडे आमच्या देवघरात बसला आणि दुसरीकडे भाच्याच्या हातात आला. तो इवला दगड आईनं रुमालात बांधून नेला, आणि तो आजही तिच्या देव्हाऱ्यात आहे. पूजेतल्या शाळिग्रामाशेजारी, पण वेगळ्या वाटीत.

म्हणून तुमच्या आईंना नुसतं "मुलांना फॉसिल शोधायचेत" असं सांगून बाकावर बसवू नका. त्यांना शाळिग्रामाचं सांगून न्या.

मात्र हा दिवस समुद्राला विचारून ठरवावा लागतो. भरती उतरायला लागल्यावर किनाऱ्यावर जायचं आणि पाणी परत चढू लागण्याआधी हेरिटेज सेंटरजवळ यायचं. चारमाउथ आणि लाइम रीजिसच्या मधल्या पट्ट्यात कडा आणि पाणी यांच्यामध्ये सापडलेली माणसं दरवर्षी सोडवावी लागतात. कड्याच्या पायथ्याशी बसू नका, दरडी कोसळतात. कड्यावर हातोडी चालवायची नाही. वाळूत आणि गोट्यांत सुटं पडलेलं उचलायला परवानगी आहे, आणि काही विशेष सापडलं तर सेंटरमध्ये नोंदवायचं. सेंटरमध्ये प्रवेश फुकट आहे, जाणकारांबरोबरची फेरी मात्र आधी पैसे भरून ठरवावी लागते. ती घ्या. मुलांची नजर तयार होते, नाहीतर सगळे दगड सारखेच दिसतात. बाबांसाठी घडीची खुर्ची न्या, गोट्यांवर चालणं त्यांना जड जाईल. वेळ उरला तर लाइमला मेरी ॲनिंगचा पुतळा दाखवा. ही सुताराची मुलगी, वडील लवकर गेले, बारा-तेराव्या वर्षी भावाबरोबर इक्थिओसॉर या प्राचीन समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचा सांगाडा शोधून काढला, १८२३ मध्ये तसाच दुसरा प्राणी, पहिला जवळजवळ पूर्ण प्लेसिओसॉर, आणि बाई म्हणून लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत तिला कधी घेतलं नाही. पुतळा उभा राहायला २०२२ उजाडलं. ९ वर्षांची ती तुमची भाची असेल तर हे तिला सविस्तर सांगा.

भरतीचं आणखी एक. बाबा कोकणातले असतील तर त्यांना उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) सांगायला नको. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, हे इथंही तसंच. पण तिथीवरून भरतीची वेळ काढायची आपल्याकडची रीत इथं लागू पडत नाही, प्रत्येक बंदराची वेळ वेगळी. तुमच्या पूलमध्ये तर एकाच भरतीला पाणी दोनदा चढल्यासारखं होतं. त्या-त्या गावाचंच वेळापत्रक पाहा, आणि छापील तक्ता असेल तर तो ग्रिनिच वेळेत आहे का ते बघून उन्हाळ्यात एक तास मिळवा. या एका तासाच्या घोटाळ्यात आम्ही एकदा भर भरतीला पोचलो होतो.

मुलं पाण्यात उतरणारच. जूनमध्ये पाणी १५ अंशांच्या आसपास असतं. गोवा-अलिबागची सवय असलेल्या मुलांना त्याचा धक्का बसतो, म्हणून पूर्ण अंगाचे वेटसूट घ्या किंवा कुणाकडून मागून आणा. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच उतरायचं, तिथं जीवरक्षक असतात. हवेनं फुगवलेली खेळणी समुद्रात नकोत, जमिनीवरून वाहणारा वारा ती मिनिटांत आत ओढून नेतो. काही झालं तर ९९९ लावून कोस्टगार्ड मागायचा, हा नंबर ताई-भावोजींच्याही फोनमध्ये घालून द्या. चेसिल बीचवर मात्र कुणीच पाण्यात उतरायचं नाही. १८ मैलांची ती गोट्यांची भिंत पाहायला न्या, पश्चिमेच्या टोकाला वाटाण्याएवढे गोटे आणि पोर्टलंडकडे मुठीएवढे, पण पाणी तिथं एकदम खोल होतं आणि लाटा मागे खेचतात.

त्याच वाटेवर ॲबट्सबरीची स्वॉनरी आहे आणि तुमच्या तारखा तिच्यासाठी अगदी नेमक्या. मे महिन्याच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत हंसांची पिल्लं अंड्यांतून बाहेर येतात, घरटी पायवाटेला लागूनच असतात. मधमाश्यांसारखे गजबजलेले शेकडो हंस, सपाट वाट, जागोजागी बाक. ११ व्या शतकात बेनेडिक्टाइन मठातल्या भिक्षूंनी हे हंस मेजवानीसाठी पाळायला सुरुवात केली, आज कुणी खात नाही. दाणा घालण्याच्या वेळा ठरलेल्या आहेत, तेव्हा मुलांना मदतीला घेतात. चालण्याचा त्रास असलेल्यांसाठी याहून चांगली जागा या भागात मला माहीत नाही.

एक जागा मी सगळ्यांना सुचवत नाही, पण तुम्हाला सुचवते: टायनम. दुसऱ्या महायुद्धात, डिसेंबर १९४३ मध्ये, सैन्याच्या सरावासाठी हे गाव रिकामं केलं. सव्वादोनशे माणसं नाताळाच्या तोंडावर घरं सोडून गेली. जाताना कुणीतरी चर्चच्या दाराला चिठ्ठी लावली: चर्च आणि घरं जपा, पिढ्यान्‌पिढ्या आम्ही इथं राहिलो, युद्ध जिंकायला मदत व्हावी म्हणून घरं दिली आहेत, एक दिवस परत येऊ. त्यांना परत येऊ दिलं नाही. आज छप्पर नसलेल्या भिंती, जपून ठेवलेलं चर्च आणि शाळेची एक खोली आहे, तिथं खुंट्यांवर मुलांची नावं.

माझ्या आईचं माहेर कोयनेच्या पाण्यात गेलं. ती तेव्हा दहा-अकरा वर्षांची. या विषयावर ती घरात फारशी बोलत नसे. टायनमला मी तिला त्या चिठ्ठीचा मराठीत अर्थ सांगितला. ती शाळेच्या खोलीत बराच वेळ उभी राहिली, आणि मग गाडीत बसल्यावर तिनं पहिल्यांदा आम्हाला सांगितलं, त्यांच्या घराला किती खण होते, विहीर कुठल्या अंगाला होती, निघताना आजीनं चुलीतली राख पदरात बांधून घेतली होती. मुलीच्या गावी येऊन कुणा परक्यांचं उजाड गाव पाहताना तिला स्वतःचं आठवलं. तुम्ही लिहिलंय की तुमच्या आईंकडचं गावही धरणात गेलं, म्हणून हे लिहिलं. आधी त्यांना विचारा, जायचं का म्हणून. गाव सैन्याच्या हद्दीत असल्यानं बहुतेक शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांत उघडं असतं. गोळीबाराच्या वेळा आदल्या दिवशी तपासा. तिथं खायला काही मिळत नाही, डबा न्या.

स्टोनहेंज एकटंच करा, सॉल्झबरी आणि बाथ सोडा. तिकिटाला वेळ ठरलेली असते, आधी काढा. स्वागतकक्षापासून दगड दीड मैलावर, तिथपर्यंत बस नेते. मोठे दगड उभे राहिले ते साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वी, म्हणजे हडप्पाची शहरं भरात होती त्याच काळात, हे सांगितलं की बाबांना त्यात रस वाटेल. मधला एक आडवा दगड स्कॉटलंडच्या ईशान्य भागातून, साडेसातशे किलोमीटरवरून आणलेला आहे, हे २०२४ मध्ये कळलं. ब्राउनसी बेट तुमच्या घराजवळ आहे, पूल की वरून बोट. लाल खारी, आणि १९०७ मध्ये बेडन-पॉवेलनं स्काउटचं पहिलं शिबिर भरवलं ती जागा. न्यू फॉरेस्टमध्ये रस्त्यावर मोकळी तट्टं हिंडतात. त्यांना खाऊ घालू नका, आणि गवतात फिरल्यावर मुलांच्या पायांना गोचीड लागली नाही ना ते घरी येऊन पाहा.

खाण्याचं थोडक्यात. दुपारचं जेवण घरूनच न्या. मेथीचे ठेपले, दहीभात, लिंबाचं लोणचं, थर्मासमध्ये चहा. आई शाकाहारी असतील तर चिप्स घेताना विचारा, बहुतेक ठिकाणी मासे आणि बटाटा एकाच तेलात तळतात. भाजलेला आख्खा बटाटा लोणी घालून जवळजवळ प्रत्येक कॅफेत मिळतो, उपवासालाही चालतो. चहाबरोबरच्या स्कोनवर (छोट्या गोडसर पावावर) अनेकदा अंड्याचा हात फिरवलेला असतो. आणि किनाऱ्यावर हातातलं उघडं ठेवू नका, समुद्रपक्षी झडप घालून नेतात. ६ वर्षांचं मूल घाबरून पडू शकतं.

आपल्या आया प्रवासात पाणी पीत नाहीत, शौचालय कुठं असेल या भीतीनं. हे मला फार उशिरा कळलं. निघण्याआधीच सांगा, "तिथं गेल्या गेल्या आहे, मध्ये अमुक ठिकाणी आहे." मग त्या पाणी पितात आणि दिवसभर खुलतात. बीपीच्या ज्या गोळीनं लघवी होते तिची प्रवासाच्या दिवशीची वेळ त्यांच्या डॉक्टरांना आधीच विचारून घ्या. साडी नेसत असतील तर आतून गरम लेगिंग आणि वरून वारा अडवणारं जाकीट, पायात बूट. जूनमध्येही किनाऱ्यावरचा वारा कानात शिरतो. प्रवासविमा काढल्याशिवाय त्यांना विमानात बसवू नका. पाहुण्यांना इथल्या अपघात विभागात तातडीचे उपचार फुकट मिळतात, पण दाखल करावं लागलं तर दीडपट दरानं बिल येतं.

चौदा दिवसांत सहा फेऱ्या पुरे आहेत. मधले दिवस मोकळे ठेवा. बाबांना एखादा बाक आवडेल आणि ते म्हणतील, परत तिथंच जाऊ या, तेव्हा न्या. बाबांना किती चालवतं ते आणि तुमच्या नेमक्या तारखा कळवा, लाइमच्या भरतीच्या वेळा बघून चारमाउथचा दिवस मी काढून देते.